कावसबागेतला वाघ

नवसाबाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि पोटात भीतीचा गोळा, दोन्ही सासरकडून आलेले. पाड्यावरच्या बाया म्हणायच्या, काय नशीब काढलं हिनं! आम्ही भाताच्या आवणीच्या चिखलात कंबरडं मोडून घेतोय आणि ही बंगल्यात राहते, फरशीवर झोपते, बटण दाबून दिवा लावते. बंगल्यात म्हणजे बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत, हे कोणी बोलायचं नाही. आणि त्या फरशीवर झोप लागते का, हे तर कोणी विचारायचंच नाही.

त्र्यंबक सोडून हरसूलच्या रस्त्याला लागलं की एका वळणावर डाव्या हाताला जुनी आमराई लागते. आमराईच्या आत लाल कौलांचा बंगला. तीच कावसबाग. इंग्रजाच्या राज्यात मुंबईच्या कावसशेठ नावाच्या पारशानं इथल्या सागाचा ठेका घेतला, डोंगर बोडके केले आणि त्याच सागात हा बंगला उभा केला. शिकारीला गोरे साहेब यायचे. त्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून दिवाणखान्याच्या भिंतीत विलायती शेगडी बांधली. आता थंडी आमच्या डोंगरातही पडते, नाही असं नाही. पण आम्ही शेकोटी अंगणात करतो. घराच्या भिंतीत चूल करायची, तिच्यावर रांधायचं काहीच नाही, नुसतं पाय पसरून तिच्याकडे बघत बसायचं, ही हौस साहेबाची. पाड्यावरची माणसं तिला ‘साहेबाची चूल’च म्हणायची.

त्या चुलीच्या वरच्या अंगाला शेठनं शोभेसाठी एक सागाची फळी ठोकली होती. माणसाच्या छातीएवढी उंच, वर चंद्र-सूर्य, खाली चालता वाघ. शोभा कसली डोंबलाची! तो वरच्या करंजपाड्याचा वाघदेव होता. शिवेवर उंबराखाली उभा होता. एका गोऱ्या पाहुण्याची नजर पडली, ‘छान कोरलाय’ म्हणाला, झालं. शेठनं गडी पाठवले आणि देव उपटून आणला. गडी पाड्यावरचेच. आणि त्या गड्यांत एक होता नवसाबाईचा आजेसासरा, बागेचा राखणदार. आता बोला!

पाड्यावर रडारड झाली. कोणी म्हणालं, रातोरात काढून आणू. पण त्या वेळच्या भगतानं आडवा हात घातला. म्हणाला, चोरून आणलेला देव गावाला पचत नाही. ज्या शेठच्या घरानं नेला त्याच घरानं आपल्या तोंडानं ‘घेऊन जा’ म्हटलं पाहिजे. तोवर देव जिथं आहे तिथं आपण जायचं. मग आजेसासऱ्यानं शब्द दिला, मी पाप केलंय तर मीच फेडतो, वर्षातून एक दिवस दार उघडतो.

तुम्ही म्हणाल, मग मागायचा ना सरळ तोंडानं. अहो, शेठपुढे मान वर करायची कुणाची टाप होती? पुढच्या पिढीला जंगलखात्याची भीती, त्याच्या पुढच्या पिढीला सवय. आणि सवय भीतीपेक्षा चिवट असते.

तो एक दिवस वाघबारशीचा. दिवाळीच्या तोंडावर नाशकातल्या बाया वसुबारस म्हणून गाई-वासराला ओवाळतात ना, त्याच दिवशी डोंगरात वाघाची पूजा असते. गाय राखायची तर वाघाशीच बोलून घेतलं पाहिजे, सरळ गोष्ट आहे. वाघबारस झाल्यावर अर्धा पाडा रिकामा होतो. धडधाकट माणसं गिरणाऱ्याला, पिंपळगावला द्राक्षाच्या कामाला निघतात. मागे राहतात म्हातारी माणसं, पोरं आणि गुरं. त्यांना कुणाच्या भरवशावर सोडायचं? वाघदेवाच्याच.

तर त्या दिवशी पाड्यावरची माणसं मागल्या दारानं दिवाणखान्यात यायची. नव्या भाताचे पोहे, काकडी, नारळ वाहायची आणि तेलात कालवलेला शेंदूर वाघाला आपादमस्तक फासायची. कोंबडं मात्र बाहेर आमराईत. शेठचा गालिचा खराब व्हायला नको, एवढं त्यांनाही कळत होतं. सगळे गेले की राखणदाराच्या घरच्या बाईचं काम सुरू व्हायचं. कढत पाणी, रॉकेल, चुलीतली राख, नारळाचा काथ्या, आणि शेवटी ओलं फडकं. दिवेलागणीच्या आत फळी अशी स्वच्छ व्हायला पाहिजे की मुंबईहून अचानक कोणी आलं तरी लाल ठिपका दिसता कामा नये.

आजेसासूनं घासली. सासूनं घासली. मग नवसाबाई लग्न होऊन आली आणि सासूनं किल्ल्यांच्या आधी काथ्या तिच्या हातात दिला. म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नको. देवाला पन ठावं हाय, आपुन भ्यालेली मानसं हाय.”

सुरुवातीला वाघाला नीट शेपूट होती. नवसाबाईच्या हातांना ती लागायची, बोटं तिच्यावरून वळायची. मग एका वर्षी शेपूट लागली नाही. तिला वाटलं, आपली बोटंच राठ झाली असतील. पुढे कान गेले. मग पाठीवरचे पट्टे गेले. शेवटी शेवटी तर वाघ कुठं आहे हे डोळ्यांना दिसायचंच नाही. तिचा हातच तेवढा त्याला ओळखायचा. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. पाड्यावरच्यांना तरी कुठून कळणार? त्यांना मागच्या दारातून आलं की अंधारा दिवाणखाना, आणि लगेच शेंदूर. शेंदराखाली सगळेच वाघ सारखे. पण तिला ठाऊक होतं. आपण देवाचं तोंड पुसून टाकतोय, आणि देव काही विसरणारा नाही.

भिंतीवर जुना फोटो होता. कावसशेठ, दोन गोरे साहेब, मागे चूल आणि चुलीवर वाघ; शेपूट, कान, पट्टे, सगळं जागच्या जागी. त्या फोटोवरची धूळ नवसाबाई मान वळवून झटकायची.

तिचा नवरा गोटीराम साधा माणूस. झाडांना आळी करावीत, आंबे उतरवावेत, जेवावं नि झोपावं. त्याला कसली काळजी म्हणून नव्हती, कारण घरातली सगळी काळजी बायको करायची. पंच्याण्णव साली त्याला कावीळ झाली. नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलात नेताना नवसाबाईला दुसरं काही सुचेना. एसटीत बसली ती तशीच, किल्ल्या कमरेला. तिकडे तीन-चार दिवसांनी वाघबारस होती हे तिच्या ध्यानीमनी नाही. पाड्यावरची माणसं आली, दाराला कुलूप. बराच वेळ थांबली, पायरीलाच शेंदूर लावला आणि परत गेली.

त्या हिवाळ्यात बिबट्या पाड्यावर उतरला. लंकाबाईच्या गोठ्यातून त्यानं वासरं नेली. लंकाबाई विधवा, तीच वासरं तिचं सगळं. गोटीरामही हॉस्पिटलातून घरी आला तो शेवटचाच. संक्रांत त्यानं पाहिली नाही. कोणी नवसाबाईला शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाली असती. पण लंकाबाई विहिरीवर समोर आली की हंडा उचलून बाजूला व्हायची, तोंडातून अवाक्षर नाही. हे एक-दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं चाललं.

तेव्हापासून नवसाबाई वाघबारशीच्या आधी महिनाभर कुठं जायची नाही. माहेरी लग्न असलं तरी नाही.

बंगल्याची मालकीण तेव्हा फ्रेनीबाई, कावसशेठची नात, बिनलग्नाची. मुंबईहून उन्हाळ्यात यायची, नाताळात यायची. पण दिवाळीला कधी नाही. बाई कडक; पण मनात कपट नाही. एका नाताळात चुलीपुढे उभी राहून तिनं फळीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिली. नवसाबाई दाराआडून बघत होती. बोट लाल होतं की नाही हे तिला दिसलं नाही. बाईनं रुमालाला बोट पुसलं आणि म्हणाली, “नवसा, चा लाव.” एवढंच. त्या एवढंच्या मागे काय होतं, याचा घोर नवसाबाईनं पुढे किती वर्षं केला म्हणता!

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात फ्रेनीबाई गेली. आणि भाताच्या लोंब्या पिवळ्या पडायला लागल्या तेव्हा रस्त्यावरच्या खंडेरावच्या दुकानात फोन आला. खंडेराव आमराईपर्यंत पळत आला. “ओ नवसामावशी, मुंबईचा फोन! चला लवकर, मानूस लायनीवर हाय!”

फोनवर केर्सीशेठ होता, फ्रेनीबाईचा भाचा. लहानपणी आंबे खायला यायचा, आता टक्कल पडलेला गृहस्थ. मराठी त्याची अजून तशीच.

“नवसा, कसा हाय तू? ऐक, मी येते हाय. ते वाघवाला लाकूड हाय ना, चुलीवर? ते काढायचा हाय. एक जुन्या चीजांचा मोठा जाणकार माणूस येते माझ्यासंगे. त्याला पसंत पडला तर विकायला लंडन जाणार ते, समजला?”

“कधी येनार, शेठ?”

त्यानं दिवस सांगितला. खंडेरावनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. वाघबारस.

नवसाबाईनं फोन ठेवला तो उलटा ठेवला. खंडेरावनं सरळ केला आणि विचारलं, “पानी देऊ का, मावशी?” ती दुकानाची पायरी उतरलीसुद्धा. घरी न जाता तशीच डोंगर चढायला लागली.

करंजपाड्याचा भगत आता बहिरू. नात्यानं नवसाबाईचा चुलत दीर. अंगणात सुतळी वळत बसला होता. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. वाघ लंडनला जाणार. त्याच दिवशी शेठ येणार. यंदा कोणी येऊ नका, नाहीतर माझं घर जाईल आणि तुमच्यावर पोलीस येतील.

“वयनी, आधी बस,” बहिरू म्हणाला. “पंच्यान्नव साली चुकलं ते पुरं झालं. यंदा चुकवायचं नाय.”

“मंग मी आजच काढून आनते त्याला. किल्ली माझ्याच कमरंला हाय. कोनाला कळनार हाय?”

“आनशील. आनि उभा कुठं करशील? तुझ्या आजेसासऱ्यानं मालकाचं ऐकून नेला, तू मालकाला चोरून आनशील. देवानं काय, चोराच्याच खांद्यावर फिरायचं का?” बहिरूनं सुतळी खाली ठेवली. “त्यांच्या तोंडून निघाला पाहिजे शब्द. ‘घेऊन जा.’ बस. मी येतो, माझ्यासंगं चार मानसं आनतो, उजाडताच येतो. मोटार पोचायच्या आत उरकू.”

“आनि मोटार घेऊन गेली तर त्याला?”

बहिरूनं सुतळी पुन्हा हातात घेतली. शेजारच्या दारात लंकाबाई नाचणी पाखडत होती. तिचं सूप थांबलं होतं. तिनं नवसाबाईकडे पाहिलं, आणि सूप पुन्हा सुरू केलं.

नंतरचे दिवस नवसाबाईनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. भाकरी थापली की करपायची. दिवाणखाना झाडताना केरसुणी चुलीजवळ आली की हात थांबायचा. एकदा तिनं मनाचा धडा करून फळीपुढे उभं राहून म्हटलंसुद्धा, “देवा, तुला जायचं असंल तर जा. पन जाताना माझ्यावर राग धरू नको.” आणि लगेच तोंडात मारून घेतलं, कारण ‘जा’ हा शब्द आपल्या तोंडून गेला. नसती ब्याद! मग कितीतरी वेळ ती “जाऊ नको, जाऊ नको” पुटपुटत घरभर फिरली.

दुसरी भीती याहून वाईट होती. तो जाणकार फळी उतरवणार, उजेडात नेणार, आणि वाघ गायब! मग शेठ विचारणार, वाघ कुठं गेला? तेव्हा काय सांगायचं? उंदरानं खाल्ला?

वाघबारशीला फटफटताच माणसं आली. बहिरू, दोघं-तिघं बाप्ये, आणि सगळ्यांच्या मागे, डोक्यावर पोह्यांची टोपली घेऊन, लंकाबाई. नवसाबाईनं दार उघडलं. बहिरूनं नारळ फोडला, शेंदूर कालवला, फासायला लागला. तोंडानं पुटपुटणं चालू: गुरं राख, पोरं राख, रानातल्या वाटा राख. बागेत कोंबडं आरवलं. एवढ्यात फाटकाशी मोटारीचा हॉर्न वाजला.

मोटार दुपारी यायची होती! मुंबईची माणसं रात्रीच नाशकात हॉटेलात उतरली होती, हे नवसाबाईला कोण सांगणार?

“पळा!” ती म्हणाली. “मागनं, मागनं!” माणसं मागल्या दारानं आमराईत पांगली. बहिरूनं नारळाच्या वाट्या धोतराच्या सोग्यात घेतल्या. लंकाबाईनं सांडलेले पोहे पदरानं गोळा केले आणि गेली. नवसाबाईनं मागच्या खोलीतल्या चुलीवरचं आधण तसंच उचललं, रॉकेल ओतलं, काथ्या घेतला आणि घासायला लागली. हात भाजले, तिला कळलं नाही. लाल पाणी भिंतीवरून खाली आलं, ते पदरानं टिपलं. समोर ओसरीवर बुटांचे आवाज. ओल्या फडक्याचा शेवटचा हात फिरवला आणि पुढचं दार उघडायला धावली.

केर्सीशेठ आत आला. मागोमाग चष्मेवाला जाणकार, गळ्यात कॅमेरा, हातात टॉर्च.

“रॉकेलचा वास येते,” केर्सीशेठ म्हणाला.

“वाळवी लागली हुती, शेठ,” नवसाबाई म्हणाली. आयुष्यात खोटं बोलायची वेळ आली ती बरोबर त्याच दिवशी, आणि तेही देवापुढे.

जाणकार चुलीजवळ गेला. टॉर्च लावला. फळीवर आडवा धरला, उभा धरला. मग खिडकी उघडली. मग फोटोपाशी गेला, चष्मा वर करून फोटो बघितला, पुन्हा फळीपाशी आला. नवसाबाई लाल झालेला पदर पाठीमागे धरून उभी होती.

“यही है?” त्यानं विचारलं.

“यही तो है! बचपन में देखा है मैंने.”

“इसमें टाइगर कहाँ है, केर्सीभाई? ये तो घिस गया है. पूरा सपाट. कोरी फळी हाय ही.” शेवटचं त्यानं नवसाबाईकडे बघून मराठीत म्हटलं, जणू तिनंच फसवलं होतं. मग त्यानं फळीच्या कडेच्या चिरेत नख घातलं. नख लाल झालं. “और ये क्या है?”

केर्सीशेठ वळला. त्याचं टक्कल लालबुंद झालं होतं. “नवसा! वाघ कुठं गेला? कोणी केला हे?”

झालं. ज्या प्रश्नाला ती जन्मभर भ्याली, तो समोर उभा. तिला वाटलं होतं, या क्षणी आपण खाली कोसळू. पण कोसळली नाही. हात भाजून चुरचुरत होते, त्या चुरचुरीनंच तिला बहुतेक उभं धरलं.

“मी केला,” ती म्हणाली. “मी घासला, शेठ. माज्या आधी सासूनं घासला, तिच्या आधी तिच्या सासूनं. तो देव हाय आमचा. वाघदेव. तुमच्या पनज्यानं आनला. आम्ही दरसाल याच दिवशी शेंदूर लावतो आनि तुमच्या भ्यानं पुसून काढतो. आजपन लावला हुता. आत्ता पुसला. घासता घासता गेला वाघ. तुमचा गेला का आमचा गेला, मला ठावं नाय. काय करायचं ते करा.”

एवढं एका दमात ती कधी बोलली नव्हती. जाणकार टॉर्च बंद करायचं विसरला. केर्सीशेठ चुलीपुढच्या खुर्चीत बसला.

“आन्टी आम्हाला दिवाळीला इकडे येऊ देत नव्हती,” तो म्हणाला. “आम्ही पोरं किती रडायचे, बागेत फटाके उडवायचा हाय. ती म्हणायची, नाही, त्या टायमाला घर आपला नसते. आम्हाला वाटायचा, म्हातारी डोसी येडी झाली.”

नवसाबाईच्या डोळ्यांसमोर ते रुमालाला पुसलेलं बोट आलं. म्हणजे बाईला माहीत होतं! सगळं माहीत होतं, आणि चहा मागितला! अगं बाई, एक शब्द बोलली असतीस तर माझी अर्धी भीती तरी गेली असती. आणि वाघाची शेपूट तरी राहिली असती. तिला बाईचा रागही आला आणि रडूही आलं.

“केर्सीभाई, टाइम वेस्ट है,” जाणकार म्हणाला. “इसका कुछ नहीं आएगा. ते टेबल दाखवा, खुर्च्या दाखवा.”

केर्सीशेठ उठला. हात झटकले. “चल, सोड. राहू दे तिथेच. नंतर कोणी तरी फेकून देईल.”

तो पुढे निघालासुद्धा. आणि नवसाबाईला बहिरूचं बोलणं आठवलं. फेकून देईल, असं म्हणून चालणार नव्हतं. फेकलेलं उचलणं म्हणजे देणं नव्हे. पण आता पुन्हा तोंड उघडलं आणि शेठला वाटलं, एवढी मागतेय म्हणजे काहीतरी आहे यात, तर? देवाची पुजलेली फळी म्हणून त्या चष्मेवाल्याच्या डोक्यात काही भलतंच आलं तर? पाय दारात आणि जीव टांगणीला.

“शेठ,” ती म्हणाली. त्याच्या मागे दोन पावलं गेली. “शेठ, मला म्हना.”

“काय म्हणू?”

“घेऊन जा म्हना. तुमच्या तोंडानं. नायतर आमाला चालत नाय.”

केर्सीशेठनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या सुजलेल्या लाल हातांकडे पाहिलं. जाणकार आतून हाक मारत होता. “अरे बाबा, घेऊन जा, घेऊन जा! मला काय करायचा हाय घासलेला लाकूड? तुमचाच हाय ना, घेऊन जा!”

देण्यातही किती तऱ्हा असतात पाहा. नव्वद वर्षं ज्या शब्दासाठी पाडा थांबला, तो असा वैतागून, पाठ फिरवता फिरवता निघाला. पण निघाला. दोनदा, वर आणखी एकदा निघाला.

बहिरूनं आमराईतून खिडकीखाली येऊन तो ऐकला होता. माणसं आत आली, दबकत नाही, सरळ. फळीचे खिळे गंजून गेले होते. पहिल्याच झटक्याला सुटले. दोघांनी ती खांद्यावर घेतली. फळी गेली तिथं भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. लंकाबाई रिकामी टोपली घेऊन मागे चालली होती. नवसाबाई दारातच थांबली, कारण मुंबईच्या पाहुण्यांना चहा लावायचा होता.

पुढच्या उन्हाळ्यात बंगला विकला गेला. घेणाऱ्यांना तिथं शहरी लोकांसाठी राहण्या-खाण्याचं ठिकाण काढायचं होतं; त्यांनी आपली माणसं आणली. आमराईतली निम्मी झाडं पाडून मोटारी उभ्या करायला जागा केली. नवसाबाईनं किल्ल्यांचा जुडगा खंडेरावच्या दुकानात ठेवून दिला आणि पाड्यावर दिराच्या, बहिरूच्या पडवीत राहायला आली. बंगल्यात राहणारीची पडवीत राहणारी झाली. कोणी म्हणालं, बघा, नशीब! पण तिला रात्री झोप लागायला लागली. पूर्ण नाही, थोडी थोडी.

आणि वाघबारस आली. उंबराच्या जुन्या खोडाशेजारी वाघदेव उभा होता. बहिरूला काहीजण म्हणाले, नवा वाघ कोरून घेऊ. तो म्हणाला, कोरू सावकाश, हा हाय तोवर हाच. नवसाबाई मागे उभी होती. उजेडात, सगळ्यांसमोर ती कोरी फळी बघून तिचा जीव अर्धा झाला होता. आता कोणीतरी म्हणणार, हिनं घासला. पण कोणी काही म्हटलं नाही. शेंदूर लागला, नारळ फुटला, पोरं वाघाचं सोंग घेऊन एकमेकांच्या अंगावर धावली, मोठी माणसं हसली. पंगत बसली.

दिवस कलायला लागला तशी नवसाबाई अस्वस्थ झाली. पानावरून उठली. चुलीजवळ आधणाची कळशी होती. त्यात तिनं फडकं भिजवलं, पिळलं आणि उंबराकडे चालायला लागली. आपण काय करतोय हे तिला कळतच नव्हतं. दिवेलागण होत आली होती, एवढंच तिला कळत होतं. खाली रस्त्यावरून एखादी मोटार गेली की तिची पावलं भराभर पडायची.

फळीपाशी पोचून तिनं हात वर केला, आणि कोणीतरी तिचं मनगट धरलं. लंकाबाई.

“अगं ये, येडी का खुळी?” लंकाबाई म्हणाली. सात-आठ वर्षांत तिच्या तोंडून नवसाबाईसाठी निघालेले हे पहिले शब्द. “आता कोन येनार हाय बघायला?”

नवसाबाई मटकन खाली बसली. काही बोलायला गेली ते वासरांबद्दल होतं, कुलपाबद्दल होतं, गोटीरामबद्दल होतं. सगळं एकदम आलं म्हणून काहीच धड निघालं नाही. लंकाबाईनं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि शेजारी बसली. “असू दे,” म्हणाली. “चल, जेवन गार झालं तुझं.”

दुसऱ्या दिवशी नवसाबाई पाड्यात सगळ्यांच्या आधी उठली. कोणालाही न सांगता उंबराकडे गेली. इतकी वर्षं तिनं हा देव राखला, पण वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी तो कसा दिसतो, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. उन्हाची पहिली तिरीप फळीवर पडली होती. वाघ तसाच लाल होता.